टोपलीचं वजन किती? एका सरकारी कंत्राटाचं सव्वा वर्ष

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या एका मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. खाली एकच ओळ: "तुझ्या गावाकडचं आहे, बघ जमतंय का." कोकण किनाऱ्यावरच्या एका केंद्र सरकारी संशोधन केंद्राला डेटाबेस सल्लागार हवा होता. मासळीच्या आवकेच्या जुन्या नोंदी, समुद्राच्या पाण्याचं तापमान, क्षारता, असं सगळं एका जागी आणायचं, मांडणी ठरवायची, तिथल्या लोकांना शिकवायचं. मी पुण्यात अकरा वर्षं हेच काम केलं आणि मग रत्नागिरीला घरी परत आले. एकटी काम करते, ना ऑफिस ना माणसं. केंद्र घरापासून एसटीने दीड तासावर. म्हटलं, हे आपल्यासाठीच काढलंय.

बिडची, म्हणजे निविदेची, मुदत ५ सप्टेंबर. गणपती ७ सप्टेंबरला. कोकणात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको.

केंद्र सरकारची कार्यालयं शक्यतो जेम पोर्टलवरूनच खरेदी करतात, आणि तिथे विक्रेता म्हणून नाव नोंदवल्याशिवाय तुम्ही कोणीच नसता. मी नोंदणीला बसले आणि पहिल्याच पायरीवर अडले. माझ्या पॅनवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. सतरा वर्षं कुणाला काही फरक पडला नव्हता, पोर्टलला पडला. वर आधारला जोडलेला नंबर पुण्याचा, कधीच बंद झालेला, म्हणजे ओटीपी येणार कुठे? आधार केंद्रात ५० रुपये भरून नंबर बदलला. पॅनच्या दुरुस्तीला १०७ रुपये आणि १९ दिवस. तोवर बिड बंद होऊन गौरी-गणपतीचं विसर्जनही झालं होतं. लग्न झालेल्या बायकांनो, बाकी काही करायच्या आधी पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा.

त्याच घाईत मी आणखी एक मूर्खपणा केला. कोणीतरी म्हणालं, "निविदा म्हणजे डिजिटल सिग्नेचर लागतेच", म्हणून १,८०० रुपये देऊन ती काढून आणली. राज्याच्या महाटेंडर्सवर किंवा केंद्राच्या दुसऱ्या ई-निविदा पोर्टलवर ती लागते. जेमवर बिडवर सही होते ती आधारच्या ओटीपीने. माझी ती पेनड्राइव्हसारखी वस्तू अजून देवघराच्या खणात पडून आहे.

हुकलेलं हुकलं, पण कागद तर करून ठेवू, असं ठरवून सप्टेंबर-ऑक्टोबर त्यातच घातला. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नाव नोंदवणं, फुकट होते. हे मुद्दाम लिहितेय, कारण शोधायला गेलं की पैसे मागणाऱ्या भलत्याच साइट आधी समोर येतात. जीएसटी मला खरं तर लागू नव्हता, सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण बिडमध्ये जीएसटी क्रमांक मागितला होता. घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतीपत्र, ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती आणि लाइटबिल. अप्पा सही करताना म्हणाले, "घर विकत नाहीस ना गो?" अकराव्या दिवशी क्रमांक मिळाला. एकदा तो मिळाला की खासगी ग्राहकांनाही जीएसटी लावावा लागतो आणि काम असो नसो, विवरणपत्र भरावंच लागतं. हा विचार आधी करा, मी नंतर केला.

आणि नशीब बघा. पहिल्या वेळी पुरेशा पात्र निविदा आल्या नाहीत म्हणून ते बिड रद्द झालं, आणि १८ नोव्हेंबरला तेच काम थोडं बदलून पुन्हा आलं. मुदत ९ डिसेंबर.

या वेळी ५४ पानं पेन्सिल घेऊन वाचली. बयाण्याची, म्हणजे निविदेसोबत भरायची, रक्कम सूक्ष्म आणि लघु उद्योगांना माफ असते, उद्यमचा दाखला जोडला की झालं. पण त्यावरून अनुभवाच्या अटीतही सूट मिळणार असं मी धरून चालले होते. ती सूट त्या त्या बिडमध्ये 'होय' असेल तरच मिळते, आणि इथे 'नाही' होतं. अट नेहमीचीच होती: अंदाजित किमतीच्या ८० टक्क्यांचं एक काम, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन. माझ्याकडे तीन होती. पण बिलं दाखवून भागत नाही, काम पुरं केल्याचा दाखला लागतो, आणि तो मी आयुष्यात कधी कुणाकडे मागितला नव्हता. काम संपलं, पैसे आले, राम राम. पुण्याच्या एका जुन्या ग्राहकाकडून ते एक पानी पत्र मिळवायला नऊ दिवस आणि चौदा फोन लागले. आता काम संपतानाच मी दाखला लिहून नेते आणि सहीला पुढे करते.

उलाढालीचं प्रमाणपत्र सीएकडून घेतलं, २,५०० रुपये. त्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा १८ अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक, असल्याची खात्री करून घ्या, नाहीतर तो कागद नुसता कागद. काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र स्टॅम्पवर मागितलं होतं. शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबरपासून बंद झालेला, म्हणून पाचशेचा, आणि नोटरीचे तीनशे. शिवाय देशाच्या सीमेला लागून असलेल्या देशांशी संबंध नसल्याची घोषणा आणि स्थानिक पुरवठादार असल्याची घोषणा. माझ्या बाबतीत दोन्ही वाचून हसू येत होतं. माझा सगळ्यात दूरचा संबंध म्हणजे बेळगावची मावशी.

२६ नोव्हेंबरला निविदापूर्व बैठक होती. सकाळी साडेसहाची एसटी पकडली. (बायकांना अर्धं तिकीट, हा या सगळ्या उद्योगातला एकमेव फायदा जो अर्ज न करता मिळाला.) पुण्याहून एका कंपनीचे दोघं गाडी घेऊन आलेले, मुंबईचे एक ऑनलाइन, आणि मी डबा घेऊन. कंपनीवाल्यांनी सर्व्हर कोणता, लायसन्स कोणाचं, असं विचारलं. मी विचारलं, "जुन्या नोंदी स्वच्छ कोणी करायच्या? आणि त्या किती आहेत?" एक अधिकारी म्हणाले, "ते काम सुरू झाल्यावर बघता येईल." दुसरे म्हणाले, "आमची रजिस्टरंपण आहेत, कपाटभर." मला घाम फुटला. कपाटभर रजिस्टरं टाइप करायची म्हणजे सल्लागाराचं काम संपून डेटा एन्ट्रीचं कंत्राट झालं, त्याच पैशात.

तिथे वाद घातला नाही. घरी येऊन त्याच रात्री प्रश्न क्रमांक घालून ईमेल केला. आठवड्याने शुद्धिपत्रक आलं: स्प्रेडशीट आणि ॲक्सेसच्या फायलींमधल्या सुमारे १ लाख १० हजार ओळी एवढंच स्थलांतर, हस्तलिखित रजिस्टरं कामाच्या कक्षेबाहेर. या सव्वा वर्षात मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे तो ईमेल. बैठकीत तोंडी मिळालेलं उत्तर बैठकीतच विरून जातं.

भाव ठरवायला दोन रात्री गेल्या. १२० दिवस, दिवसाला ५,५००, म्हणजे ६ लाख ६० हजार. पस्तीस फेऱ्या, येणंजाणं, जेवण आणि कधी मुक्काम धरून फेरीला १,२०० प्रमाणे ४२ हजार. झाले ७,०२,०००. जेमवर भाव जीएसटी धरून टाकायचा असतो, म्हणून १८ टक्के मिळवून ८,२८,३६०. जीएसटी विसरून आकडा टाकला असता तर एक लाख सात हजारांच्या आसपास माझ्याच खिशातून गेले असते. नवरा म्हणाला, "सात लाखात टाक, मिळेल तरी." मी दिवसांचा हिशोब त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "यातले कोणते वीस दिवस मी फुकट काम करू?" तो चहा करायला उठला.

शेवटच्या दिवसासाठी काही ठेवायचं नाही असं ठरवूनही दोन घोषणापत्रं ९ तारखेवर आलीच. त्या दिवशी लाइनच्या दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज नाही. मोबाइलची रेंज घरात एक काडी, पडवीत दोन, विहिरीजवळच्या माडाखाली तीन. माडाखाली खुर्ची टाकली. वर नारळ, मांडीवर लॅपटॉप, डोक्यावर मुलाचं सायकलचं हेल्मेट. तीन वाजता मुदत संपायची होती, दोन चाळीसला 'सबमिट' झालं.

शुक्रवारी, २० डिसेंबरला संध्याकाळी सहानंतर पोर्टलवर सूचना आली: एका घोषणापत्रावर सही आहे, शिक्का नाही, दोन दिवसांत दुरुस्त प्रत चढवा. हे दोन दिवस घड्याळाचे असतात, कामकाजाचे नव्हेत. मी मामेबहिणीच्या हळदीत, आणि शिक्का मी कधी केलाच नव्हता. एकट्या बाईला शिक्का कशाला? शनिवारी सकाळी रत्नागिरीत एका दुकानात १८० रुपयांत तासाभरात शिक्का करून घेतला आणि हळदीच्या हाताने कागदावर उमटवला. त्या प्रतीच्या कोपऱ्यात अजून पिवळा डाग आहे.

सादरीकरण १० जानेवारीला. सत्तर गुण मिळाले तरच आर्थिक लिफाफा, म्हणजे टाकलेला भाव, उघडणार. मी मोठ्या गोष्टी टाळल्या आणि त्यांनीच नमुना म्हणून दिलेल्या फाईलमधला एक रकाना दाखवला. जून-जुलैच्या ओळी काही वर्षी कोऱ्या, काही वर्षी शून्य. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा शून्य बरोबर. पण कोरी जागा म्हणजे बंदी, की त्या महिन्यात नोंद घेणारा माणूस रजेवर? संगणक दोन्ही एकत्र करून सरासरी काढतो आणि ती चुकते. विभागप्रमुख पुढे सरकून बसले.

मग त्यांनी विचारलं, नवीन पद्धत चुकली तर? मी अलिबागचं उदाहरण दिलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने मोजणी बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. पण हलवल्याबरोबर जुनी जागा बंद केली नाही, १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले आणि दोन ठिकाणांतला फरक काढला. म्हणून ती मालिका आजही सलग वापरता येते. आपणही दोन महिने जुनी स्प्रेडशीट आणि नवा डेटाबेस शेजारी शेजारी चालवू, एवढंच म्हटलं.

१७ जानेवारीला लिफाफे उघडले, मी एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाव माझा. दुसऱ्यापेक्षा ४१ हजारांनी कमी. आनंद व्हायला हवा होता, पण रात्रभर वाटत राहिलं की चाळीस हजार जास्त टाकले असते तरी चाललं असतं.

त्यानंतर पाच आठवडे काहीच नाही. फाईल मुख्यालयात. फोन केला की "प्रक्रियेत आहे." भावाची मुदत ९० दिवसांची, मी कॅलेंडरवर ९ मार्चला लाल गोल करून ठेवला होता. २४ फेब्रुवारीला कार्यादेश आला.

आता पंधरा दिवसांत तीन टक्के सुरक्षा अनामत. बयाणा माफ असतो, ही माफ नसते. बँक गॅरंटीऐवजी मुदत ठेवीची पावती चालणार होती, म्हणून माझ्या नेहमीच्या पतपेढीत २५ हजारांची एफडी करून नेली. परत. शेड्यूल्ड, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या, बँकेचीच हवी आणि संशोधन केंद्राच्या नावे तारण असल्याची नोंद पावतीवरच हवी. राष्ट्रीयीकृत बँकेत चालू खातं काढलं. तिथल्या मॅनेजरसाहेबांनी असली नोंद कधी केली नव्हती, त्यांनी दोन शाखांना फोन करून विचारलं. कार्यादेशातला मजकूर बँकेला छापून न्या, तोंडी सांगू नका.

मार्चमध्ये चमत्कार झाला. इतके दिवस नुसतं "प्रक्रियेत आहे" म्हणणारं कार्यालय दिवसातून तीनदा फोन करायला लागलं: "मॅडम, पहिला अहवाल कधी देताय? बिल ३१ च्या आत लागेल." अनुदान वर्षाअखेर खर्च झालं नाही तर परत जातं. २० तारखेला प्राथमिक अहवाल दिला, २० टक्क्यांचं बिल लावलं, २८ ला पैसे जमा. बिल १,६५,६७२ चं, हातात १,४८,८२४. दहा टक्के आयकराचा टीडीएस, १४,०४०, हा अपेक्षित होता. आणखी २,८०८ कुठे गेले ते कळेना. अडीच लाखांवरच्या कंत्राटात सरकारी कार्यालय जीएसटीचाही दोन टक्के टीडीएस कापतं. तो बुडत नाही, पण जीएसटी पोर्टलवर जाऊन आपण 'स्वीकारला' म्हणावं लागतं, मग तो आपल्या रोख खातेवहीत येतो. माझ्या सीएंनाही ते दोनदा सांगावं लागलं.

काम असं पाच-सहा महिने चाललं. पोलीस पडताळणीला १६ दिवस, गेटपास दर महिन्याला नवा, पेनड्राइव्हला बंदी. डेटाबेससाठी पोस्टग्रेएसक्यूएल घेतलं, नकाशांसाठी त्याच्यावर पोस्टजीआयएस. फुकट असण्यापेक्षा त्याचा मोठा गुण म्हणजे लायसन्ससाठी आणखी एक निविदा काढावी लागत नाही.

सगळ्यात मजेचे जून-जुलै. होड्या वर ओढलेल्या, बंदरं ओस, त्यामुळे आवकेच्या नोंदी घेणाऱ्यांना वेळच वेळ. पावसात त्यांच्यासोबत बसून एकेक रकाना समजून घेतला. बांगडा चार स्पेलिंगांत होता. तारली एका फाईलमध्ये शास्त्रीय नावाने, दुसरीत मराठीत, तिसरीत इंग्रजीत. आणि एका काळापर्यंतचं वजन किलोत नव्हतंच, टोपल्यांत होतं. मी विचारलं, "काका, एक टोपली म्हणजे किती किलो?" तीस वर्षं नोंदी घेतलेले काका माझ्याकडे बघत राहिले. "कसली टोपली? बांगड्याची की कोलंबीची? आनि भरली कोनी, त्यावर हाय. इकनारा भरील तर येगळी, घेनारा भरील तर येगळी."

शेवटी टोपली टोपलीच ठेवली. मूळ आकडा आणि मूळ एकक जसंच्या तसं, किलोतलं रूपांतर वेगळ्या रकान्यात, ते कोणी आणि कशाच्या आधारे ठरवलं ते तिसऱ्या रकान्यात. रूपांतराचा आकडा शास्त्रज्ञांनी ठरवला, आणि तसं लेखी घेतलं.

दुसरं बिल, ४० टक्क्यांचं, २० ऑगस्टला लावलं. पुढच्या बुधवारी गणपती. मग सप्टेंबर. काहीच नाही. बिल दिलं की पैसे आले नसले तरी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरावा लागतो. ५०,५४४ रुपये मी मुलाच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून भरले. त्या दिवशी खूप राग आला होता, सरकारचा आणि स्वतःचाही. ऑक्टोबरमध्ये जाऊन बसले तेव्हा कळलं, हरकत काय होती: माझ्या बिलावर २० ऑगस्ट, आणि काम स्वीकारल्याच्या दाखल्यावर २२ ऑगस्ट. दाखला नसताना बिल आलंच कसं?

सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं ४५ दिवसांत चुकतं करायचं असा कायदा आहे, उशिराला व्याज आहे, तक्रारीसाठी पोर्टल आहे. ते सगळं मी पाठ करून गेले होते. लेखा विभागातल्या भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं काम चांगलं आहे ते मला माहिती आहे. पण तीन वर्षांनी ऑडिटवाले येतील, तेव्हा तुम्ही नसणार, मी पण नसणार, माझी बदली झालेली असणार. इथे ही फाईल एकटी असणार. तिने बोलायला पाहिजे."

घरी येताना एसटीत तेच डोक्यात. शिक्का, यूडीआयएन, शुद्धिपत्रक, पावतीवरची तारणाची नोंद, सगळं त्या तीन वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसासाठी होतं. आणि मी तरी जून-जुलैत दुसरं काय करत होते? तीस वर्षांपूर्वीच्या कोऱ्या रकान्याने माझ्याशी बोलावं म्हणून डोकं आपटत होते.

दुसऱ्या दिवशी तारीख बदलून बिल दिलं, सोबत एक पानी टिपण: कार्यादेशाचं कोणतं कलम, कोणतं काम, दाखल्याचा क्रमांक, तारीख, रक्कम, उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांच्या तरतुदीची एक सभ्य ओळ. पैसे ६ नोव्हेंबरला आले. पहिल्या बिलाला आठ दिवस, दुसऱ्याला अठ्ठ्याहत्तर.

प्रशिक्षण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उरकलं होतं. दोन महिने दोन्ही पद्धती शेजारी चालल्या, त्यात नवीन डेटाबेसच्या दोन चुका सापडल्या आणि जुन्या स्प्रेडशीटच्या एकोणीस. ३० टक्क्यांचं तिसरं बिल दाखला हातात आल्यावरच, तसंच एक पानी टिपण लावून दिलं. दरम्यान भाऊंची खरंच बदली झाली. मला धसका बसला, आता सगळं पहिल्यापासून. पण पाच आठवड्यांत पैसे जमा झाले, मधे एकही फोन नाही.

परवा गेले होते. शेवटचे दहा टक्के आणि एफडीची सोडवणूक तीन महिन्यांच्या देखभालीनंतर, त्यासाठीचा अर्ज कसा लागतो ते विचारायला. भाऊंच्या खुर्चीत एक तरुण मुलगी होती. नाव सांगितल्यावर म्हणाली, "हो, तुमची फाईल वाचलीये मी. कळली सगळी." मग पानं उलटत एका जागी थांबली, कागद उजेडात धरला आणि विचारलं, "मॅडम, हा पिवळा डाग कसला?"